वरणाचा पिवळा, केळ्याचा काळा

वरणभाताचा डाग पडलेलं झबलं साबणाच्या वडीनं चोळलं की पिवळा डाग बघता बघता लाल होतो. पहिल्यांदा हे पाहणारी नवी आई घाबरते, साबणाला दोष देते आणि आणखी जोरात घासू लागते. बिघडलेलं मात्र काहीच नसतं. हळदीला पिवळेपणा देणारं कर्क्युमिन क्षाराच्या संगतीत लाल होतं आणि धुण्याचा साबण क्षारयुक्त असतो. हळदीवर क्षाराची प्रक्रिया करून कुंकू बनवण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. न्हाणीघरात झबल्यावर उमटतं ते एका अर्थी घरगुती कुंकूच!

त्या लाल डागावर लिंबू पिळलं तर तो पुन्हा पिवळा होतो. तोही डाग निघू लागल्याचा पुरावा नव्हे. रंग बदलला, द्रव्य होतं तिथेच आहे. हळदीला खरोखर घालवतो तो उजेड. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही, त्याचे रेणू तुटतात आणि रंग नाहीसा होतो. क्षारामुळे हे काम आणखी लवकर होतं. त्यामुळे हळदीवरचा सगळ्यांत चांगला इलाज सगळ्यांत स्वस्तही आहे. आधी तेल-तूप काढायचं, मग साबणानं धुवायचं आणि कपडा ओला असतानाच डाग वर येईल असा कडक उन्हात टाकायचा. वाळला की पाणी शिंपडायचं आणि पुन्हा उन्हात. उन्हाळ्यात ताजा डाग बहुधा दिवसभरात दिसेनासा होतो, जुन्याला दोन-तीन दिवस द्यावे लागतात. कपडा रंगीत असेल तर डागाचा भाग तेवढा उघडा ठेवून बाकीचा दुमडून झाकावा, नाहीतर हळदीबरोबर कपड्याचा रंगही उडतो.

रंगाऱ्यांना हळदीचा हा स्वभाव फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बहुतेक नैसर्गिक रंगांना सुती कापडावर बसण्यासाठी तुरटीसारखा आधार लागतो. हळदीला लागत नाही, ती सुताला थेट धरते. पण उन्हात टिकत नाही म्हणून तिचा रंग कच्चा समजला जातो. रंगाऱ्याची अडचण ती इथे आईची सोय.

सहा महिने पूर्ण झाल्यावर बाळाचं वरचं अन्न सुरू होतं आणि वर्षाच्या आसपास मूल वाटीत स्वतःचा हात घालू लागतं. तिथून पुढची दोन वर्षं घरातल्या धुण्याचं स्वरूपच बदलतं. या वयातल्या डागांची खरी अडचण ही की तो डाग कधीच एका पदार्थाचा नसतो. साधा वरणभात घ्या. त्यात हळद आहे, तूप आहे, डाळीतली प्रथिनं आहेत आणि भाताचा स्टार्च आहे. चार वेगळ्या गोष्टी, चौघींना घालवण्याची रीत वेगळी, आणि चुकीच्या क्रमानं गेलं तर एकीला काढताना दुसरी पक्की बसते. दुसरी गंमत अशी की, जे डाग सगळ्यांत भयंकर दिसतात ते पुष्कळदा सहज जातात. छळतात ते पडताना न दिसलेले डाग: केळं, दूध, तूप. बिटाच्या डागामागे अख्खं घर धावतं आणि केळ्याचा डाग कपाटात जाऊन बसतो.

क्रमापासून सुरुवात करू. जेवण चालू असताना धावपळ करायची काहीच गरज नाही, मूल उपाशी राहण्यापेक्षा झबलं खराब झालेलं बरं. जेवण झाल्यावर कपडा उतरवून त्यावरचा चिकटलेला पदार्थ चमच्याच्या कडेनं किंवा बोथट सुरीनं खरवडून काढावा. घासू नये. घासल्यानं अन्न धाग्यांच्या आत ढकललं जातं, आणि लहान मुलांचे बहुतेक कपडे होजियरीचे असल्यामुळे त्यांना लव सुटते ती वेगळीच. भात मात्र वाळला तरी बिघडत नाही. वाळलेली शितं टकटक करून पडतात. नंतर कपडा उलटा करून डागाच्या मागच्या बाजूनं नळाच्या थंड पाण्याची धार सोडावी. समोरून धार सोडली तर पाणी डागाला कापडातून आरपार ढकलतं, मागून सोडली तर तो ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं बाहेर पडतो.

थंडच पाणी का? दूध, दही, अंडं, डाळ यांतली प्रथिनं उष्णतेनं गोठतात. अंड्याचं पांढरं ६० अंश सेल्सिअसच्या पुढे घट्ट होऊ लागतं, आणि कढत पाण्यात बुचकळलेल्या कपड्यावरही तेच होतं, फक्त या वेळी धाग्यांच्या विणीत. ‘डाग हट्टी आहे, चांगलं उकळतं पाणी घाला’ हा वडीलधाऱ्या मंडळींचा सल्ला सुती पंचे आणि चादरींसाठी ठीक असेल; अंड्याच्या डागावर तो नेमका उलटा पडतो.

पण नुसत्या थंड पाण्यावरही भागत नाही, कारण तूप. तूप थंड पाण्यात थिजतं आणि कापडाला घट्ट धरून बसतं. म्हणून आधी थंड पाण्यानं प्रथिनं आणि वरवरचा रंग काढायचा, मग भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब थेट डागावर टाकून बोटानं हलकं चोळायचं, पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवायचं आणि मग कोमट पाण्यानं खळबळायचं. भांड्यांचं लिक्विड इथे धुण्याच्या पावडरीपेक्षा जास्त कामाचं, कारण ते तेल सोडवण्यासाठीच बनवलेलं असतं. हळद तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. फोडणीतली हळद तेलाच्या पाठीवर बसूनच कापडात शिरते, त्यामुळे तेल निघालं की तिचा बराचसा भागही निघतो. ही एक पायरी गाळली की पुढचे सगळे उपाय अर्धवट पडतात, आणि बहुतेक घरांत नेमकी हीच गाळली जाते.

तूप किंवा तेल नुकतंच सांडलेलं असेल तर पाणी लावण्याआधी त्यावर बेसन किंवा तांदळाचं पीठ पसरून पाव तास ठेवावं. पीठ चिकटपणा शोषून घेतं, मग ते झटकून टाकायचं. यासाठी टाल्कम पावडर वापरण्याची सवय अनेकांना असते. ती तान्ह्या मुलाच्या आसपास न उडवलेली बरी, श्वासावाटे फुप्फुसात जाते.

यानंतरची पायरी भिजवण्याची. बाजारातल्या धुण्याच्या कित्येक पावडरींत आणि लिक्विडांत एन्झाइम असतात. पाकिटामागच्या बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं, शोधलं तर सापडतं. प्रोटीएज प्रथिनं तोडतो, अमायलेज स्टार्च आणि लायपेज चरबी. आपल्या पोटात अन्न पचतं तेच हे काम. १९१३ साली ऑटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं जनावरांच्या स्वादुपिंडातले पाचक घटक धुण्यासाठी वापरण्याचं पेटंट घेतलं, तिथून ही कल्पना सुरू झाली. आता हे एन्झाइम जिवाणू आणि बुरशीपासून बनवतात. त्यांना दोन गोष्टी लागतात: वेळ आणि कोमट पाणी. साधारण ४० अंश, म्हणजे कोपर बुडवून पाहिलं तर सुखद वाटेल इतपत. उकळत्या पाण्यात एन्झाइम स्वतःच निकामी होतात. अर्धा ते एक तास भिजवलं की वरणातली डाळ, खिमटी, पेज, दूध, शिऱ्यातला रवा हे सगळं सैल होतं. हळद, चहा आणि फळांचे रंग मात्र एन्झाइमला दाद देत नाहीत. तिथे ऊन किंवा पुढे येणारं ऑक्सिजन ब्लीच.

‘खास बाळांसाठी’ असं लिहिलेल्या महागड्या लिक्विडांबद्दल इथेच सांगायला हवं. त्यांतली बरीच सौम्य असतात आणि कित्येकांत एन्झाइम नसतात. नुसती लाळ आणि घाम लागलेल्या तान्ह्याच्या दुपट्याला ती चालतात, पण दीड वर्षाच्या मुलाच्या पावभाजीपुढे त्यांचं काही चालत नाही. मुलाला इसब किंवा त्वचेचा काही त्रास नसेल तर घरातलीच नेहमीची पावडर वापरून कपडा एकाऐवजी दोनदा स्वच्छ पाण्यातून काढणं पुरेसं असतं. त्वचेला त्रास बहुधा नीट न निघालेल्या साबणाचा होतो.

आता केळं. सहा-सात महिन्यांच्या बाळाला पहिलं फळ म्हणून कुस्करलेलं केळं देणारी घरं असंख्य. ते अंगावर सांडतं तेव्हा काहीच दिसत नाही. फिकट, ओलसर, पुसलं की गेलं. दोन दिवसांनी तिथे तपकिरी डाग दिसतो आणि आठवड्यानं काळपट. कापलेलं केळं हवेत काळं पडतं त्याचंच हे कापडावरचं रूप. केळ्यातल्या पॉलिफेनॉल नावाच्या द्रव्यांना त्यातलाच एक एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं गडद करतो, आणि तो गडद रंग सुताला चिकटून राहतो. खोडाच्या आणि दांड्याच्या चिकाचं तर विचारूच नये. जळगावकडे केळीच्या बागांत घड उतरवणाऱ्यांचे कपडे पाहिले की तो चीक काय चीज आहे ते कळतं. त्या कामाचे कपडे वेगळेच ठेवलेले असतात आणि त्यांच्यावरचे डाग काढायच्या फंदात कुणी पडत नाही.

म्हणून केळ्याच्या बाबतीत नियम एकच: डाग दिसत नसला तरी तो आहे असं धरून चालायचं. केळं भरवल्यावर झबलं लगेच उतरवून थंड पाण्यात बुडवावं आणि त्याच दिवशी धुवावं. एवढं केलं तर काळं पडायला काही उरतच नाही. पडलाच डाग तर पांढऱ्या सुती कपड्यावर ऑक्सिजन ब्लीच चालतं. दुकानात मिळणाऱ्या ज्या डाग काढायच्या पावडरींवर ‘सोडियम परकार्बोनेट’ असं लिहिलेलं असतं, त्या म्हणजेच हे ब्लीच. पाण्यात पडल्यावर त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि ते रंगाचे रेणू फोडतं. थंड पाण्यात ते फारसं काम करत नाही. ४० ते ५० अंशांच्या पाण्यात पाकिटावर दिलेल्या प्रमाणात घालून दोन-चार तास भिजवावं. पक्क्या रंगाच्या सुती कपड्यांनाही बहुधा चालतं, पण आधी आतल्या शिवणीवर लावून पाहावं. रेशमी आणि लोकरी कपड्यांना मात्र अजिबात नाही.

ही पावडर मिळाली नाही तर मेडिकलच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड. आपल्याकडे ते बहुधा ६ टक्के ताकदीचं मिळतं, बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ असं लिहिलेलं असतं. त्यात तेवढंच पाणी मिसळलं की ३ टक्क्यांचं होतं. कापसाच्या बोळ्यानं पांढऱ्या कपड्यावरच्या डागाला लावावं, अर्धा तास थांबावं, धुवावं. उरलेलं मिश्रण साठवून ठेवायचं नाही, ओतून द्यायचं.

केळ्याचीच भावंडं म्हणजे चिकू, पेरू, डाळिंब आणि नाचणीचं सत्त्व. या सगळ्यांत टॅनिन किंवा त्याच्या जातीची द्रव्यं असतात. डाळिंबाच्या सालीनं कापड रंगवण्याची कला जुनी आहे, तेव्हा डाळिंबाचा रस झबलं रंगवू पाहतो यात नवल नाही. असे डाग थंड पाण्यानं खळबळून मग डिटर्जंटनं धुवावेत. सुरुवातीलाच तेलापासून बनवलेल्या साध्या साबणाची वडी त्यांवर घासू नये, टॅनिनचे डाग तिनं पक्के होण्याची भीती असते. फणसाचा चीक लागला तर पाणी कामाचं नाही. कोकणात करतात तसं खोबरेल तेल लावून चीक आधी मऊ करून सोडवायचा आणि मग त्या तेलाचा बंदोबस्त भांड्यांच्या लिक्विडनं.

बीट, कलिंगड, टोमॅटो, जांभूळ यांच्यासाठी फार शब्द खर्च करायला नकोत. बिटाचा रंग पाण्यात विरघळणारा आणि नाजूक. तासभर थंड पाण्यात ठेवून दोनदा पाणी बदललं की बहुतेक निघून जातो. कलिंगड त्याहून सोपं. टोमॅटोचा आणि गाजराचा रंग तेलात विरघळणारा, तेव्हा भांड्यांचं लिक्विड आणि मग ऊन. जांभळाचा डाग साबण लागताच निळा-हिरवा दिसू लागतो, कारण त्यातलं अँथोसायनिनही हळदीसारखंच आम्ल-क्षार पाहून रंग बदलतं. पांढऱ्या सुती कपड्यावर आधी लिंबू किंवा व्हिनेगर आणि थंड पाणी, मग धुणं.

आंब्याची गोष्ट थोडी निराळी. आमरसाचा केशरी रंग उन्हात उडून जातो, तो प्रश्न नाही. प्रश्न साखरेचा. वरवर पुसलेल्या आमरसातली साखर कापडात राहते, आणि कपड्यावर गरम इस्त्री फिरली की ती करपून तपकिरी डाग उमटतो. मे महिन्यात आजोळी गेलेल्या मुलांचे कपडे परत येतात तेव्हा असे डाग हमखास सापडतात. त्याआधी टोपलीतल्या मुंग्यांनी ते शोधलेले असतात. आमरस, सरबत, जिलेबी, गुळाचा शिरा, काहीही असो, गोड पदार्थाचा कपडा पाण्यातून नीट निघाल्याशिवाय इस्त्रीखाली जाऊ नये. चॉकलेटमध्ये तर साखर, चरबी, दूध आणि टॅनिन असं सगळंच आलं. ते आधी फ्रीजमध्ये ठेवून कडक होऊ द्यावं, खरवडावं आणि मग वरणाच्याच क्रमानं जावं.

चहाचा डाग लहान मुलाच्या कपड्यावर पडायलाच नको, कारण त्या वयात चहा द्यायचा नसतो. पण आजोबांच्या बशीत बिस्किट बुडवून खाण्याचा कार्यक्रम ज्या घरात होतो तिथे तो पडतो. चहातलं टॅनिन कापडाला तर धरतंच, अन्नातलं लोह अंगी लागू देण्यातही अडथळा आणतं. लोहाचा विषय निघालाच आहे तर आणखी एका डागाबद्दल सांगायला हवं, कारण त्याची दखल फारशी कुणी घेत नाही. २०१८ साली सुरू झालेल्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडचं औषध देतात. आशाताई घरी बाटली देऊन जातात. त्याचा ओघळ झबल्यावर आला की तपकिरी, गंजासारखा डाग राहतो. त्यातच आधीचा चहा किंवा डाळिंबाचा अंश असला तर काळपट, कारण लोह आणि टॅनिन एकत्र आले की काळा रंग तयार होतो. पूर्वी शाई अशीच बनवत. या डागावर साबण काम करत नाही, आणि पांढरं करायचं ब्लीच टाकलं तर लोहाचा डाग आणखी घट्ट होतो. इथे लागतं आम्ल. डागावर लिंबू पिळून मीठ भुरभुरावं, उन्हात अर्धा-एक तास ठेवावं आणि स्वच्छ धुवावं. लिंबूसत्त्व घरात असेल तर पेलाभर कोमट पाण्यात चहाचा चमचाभर विरघळवून त्यात डाग बुडवून ठेवला तरी चालतं. गंज काढण्यासाठी मिळणारी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पावडर विषारी आहे, लहान मुलाच्या घरात ती आणूच नये.

घातक गोष्टींची यादी तशी लांबेल, पण काहींचा उल्लेख करण्याला पर्याय नाही. डाग काढायला घासलेट वापरण्याची जुनी पद्धत काही घरांत अजून आहे. मुलांनी घासलेट पिऊन दवाखान्यात पोचण्याचे प्रकार आपल्याकडे नवे नाहीत, आणि त्याचा अंश कापडात राहून नाजूक त्वचेला झोंबतो. क्लोरिनचं ब्लीच फार तर पांढऱ्या सुती कपड्याला, तेही क्वचित. आणि व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायच्या अ‍ॅसिडबरोबर तर कधीही नाही. त्या मिश्रणातून क्लोरिन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. कुठलंही रसायन सरबताच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नये. थोरल्याचे धुतलेले कपडे धाकट्यासाठी ठेवताना डांबरगोळ्या टाकतात, त्याही टाळाव्यात. जी६पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांत त्यांच्या वाफेनं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि ती कमतरता आहे हे घरात पुष्कळदा ठाऊकच नसतं.

या सगळ्याहून मोठा धोका मात्र साध्या बादलीचा. कपडे भिजत घालून ठेवलेली बादली न्हाणीघराच्या कोपऱ्यात असते, आणि उभं राहायला शिकलेलं मूल तिच्या काठाला धरून आत डोकावतं. या वयात डोकं शरीराच्या मानानं जड असतं. तोल गेला की मूल डोक्यावर पडतं आणि त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. वीतभर पाणीही पुरतं. भिजवलेल्या कपड्यांची बादली मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवावी किंवा न्हाणीघराच्या दाराला बाहेरून कडी लावावी. डाग एक दिवस उशिरा निघाला तर काही बिघडत नाही.

उष्टावणाच्या दिवशीचं रेशमी झबलं किंवा जरीचं परकर-पोलकं हा वेगळा प्रांत. रेशीम हेच प्रथिन असल्यामुळे प्रोटीएजवाली पावडर डागाबरोबर रेशमालाही कुरतडते. लिंबू जरीला खराब करतं, कडक ऊन रेशमाचा रंग घालवतं, सोडा तर नकोच. खिरीचा घास सांडला तर कोरड्या सुती फडक्यानं टिपून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी ड्रायक्लीनिंगला द्यायचं. देताना डाग कशाचा आहे ते सांगायचं. ‘कसला तरी डाग आहे’ एवढ्यावर ड्रायक्लीनिंगवाला बिचारा काय करणार? खिरीतलं केशर पाण्यात विरघळणारं असतं, त्याची फार काळजी नाही. तूप आणि दूध सांगायला विसरू नये. त्याहून सोपा मार्ग म्हणजे फोटो काढून झाल्यावर झबलं बदलायचं आणि मग खीर.

पाणी आणि हवामान यांनीही बराच फरक पडतो. मराठवाड्यात आणि इतरत्रही बोअरचं पाणी जड असतं. अशा पाण्यात साबण फाटतो आणि त्याचा पांढुरका थर कपड्यावर बसतो. त्या थरात डाग अडकतात आणि चार धुण्यांत पांढरं झबलं राखाडी दिसू लागतं. अशा ठिकाणी वडीच्या साबणाऐवजी डिटर्जंट पावडर वापरावी. पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घातला तर फरक दिसतो, मात्र मग कपडा दोनदा खळबळायला हवा.

पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात हळदीचे डाग घेऊन बसायची वेळ येते. ऊन नाही म्हणून कपडा ओलाच ठेवला तर बुरशीचे काळे ठिपके येतात, आणि ते हळदीहून चिवट. अशा वेळी धुऊन पूर्ण वाळवून ठेवावा आणि उघडीप मिळाली की ओला करून बाहेर टाकावा. ढगांतून येणारा उजेडही हळदीवर काम करतोच, फक्त सावकाश. लंडन किंवा टोरांटोसारख्या ठिकाणच्या मराठी घरांत हिवाळ्यात हाच प्रश्न येतो. तिथे ओलं झबलं खिडकीच्या काचेशी ठेवून दिलं तरी काही दिवसांत डाग फिका होतो, कारण कर्क्युमिनला मोडणारा बराचसा उजेड काचेतून आत येतो. तिथली खरी अडचण ड्रायरची आहे. डाग न पाहताच कपडे मशीनमधून थेट ड्रायरमध्ये जातात आणि त्या उष्णतेनं उरलासुरला डाग पक्का होतो. ओल्या कपड्यावर एकदा उजेडात नजर टाकावी आणि डाग असला तर तो कपडा ड्रायरमधून वगळावा. इस्त्रीलाही हाच नियम.

डाग पडूच नयेत म्हणून काय करता येईल? फार नाही, आणि फार करूही नये. जेवताना मुलाला दर मिनिटाला पुसत राहिलं तर ते जेवण सोडून पुसण्याकडेच लक्ष देऊ लागतं. मोठं लाळेरं हवं, ते गळ्यापाशी घट्ट नसावं पण कुशीपर्यंत यावं. दुकानातली छोटी नक्षीदार लाळेरी लाळेपुरतीच असतात. जुन्या सुती साडीचं किंवा धोतराचं दुहेरी शिवलेलं लाळेरं पाणी चांगलं शोषतं आणि उकळलं तरी चालतं. उन्हाळ्यात नुसत्या लंगोटीवर जेवायला बसवणं हा तर सर्वोत्तम उपाय. पाहुण्यांना आवडत नसेल तर पाहुण्यांनी दुसरीकडे पाहावं. जेवणासाठी दोन-तीन ठरलेले कपडे ठेवायचे झाले तर ते मोहरी, केशरी किंवा छापील रंगांचे असावेत. बोरन्हाणासाठी आणलेलं काळं झबलं जेवणासाठी चांगलं वाटतं, पण त्यावर ब्लीचचा थेंब पडला तर विटकरी ठिपका कायमचा.

थोरल्याचे कपडे धाकट्यासाठी काढले की आणखी एक प्रकार समोर येतो. ठेवताना स्वच्छ पांढरी असलेली झबली गळ्यापाशी आणि छातीवर पिवळट झालेली दिसतात. हा ओकलेल्या दुधाचा न निघालेला अंश. त्यातली चरबी महिनोन्‌महिने हवेनं बदलत जाऊन पिवळी पडते. एन्झाइमच्या पावडरीत तासभर, त्यानंतर ऑक्सिजन ब्लीचमध्ये रात्रभर आणि मग एक दिवस ऊन असं केलं की बहुतेक डाग फिके होतात. आवश्यक वाटलं तर सगळं एकदा पुन्हा करावं. त्यापुढे जाण्यात अर्थ नाही. त्या झटापटीत कापडाचाच दम जातो.

तरीही डाग राहिला आणि झबलं चांगलं असलं तर ते गडद रंगात रंगवून घेता येतं. रंग सुती कापडासाठीचा असावा, आणि रंगवल्यावर पाणी अगदी नितळ येईपर्यंत धूत राहायला हवं. कारण मुलं बाह्या आणि कॉलर चोखत असतात. लाळेरं मात्र रंगवूच नये. शिलाईचा दोरा बहुतेकदा पॉलिस्टरचा असतो आणि सुती कापडाचा रंग तो घेत नाही. गडद निळ्या झबल्यावर पांढऱ्या शिवणी दिसतील, तेवढी तयारी ठेवावी.